गंगूची साक्ष

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकेल, ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. पुढं लेखणी हातात फार थोडी आली.

कापूस निवडणाऱ्या सर्जाचं तान्हं पाळण्यात नाही, हे दुपारचा भोंगा झाल्यावर कळलं. ती दूध पाजायला आली आणि रिकाम्या पाळण्याकडं बघत उभी राहिली.

"बाई, माहं लेकरू कुठी आहे?"

मी पलीकडच्या भिंतीशी एका तापलेल्या मुलाला पाणी पाजत होते. मी उठून बघितलं. दुपटंही नव्हतं.

आमचं पाळणाघर जिनात होतं. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. शेतकरी बैलगाड्यांतून कापूस आणतात, बाया तो निवडतात, यंत्र सरकी वेगळी करतं आणि राहते ती रुई. आधी बाया तान्ह्या लेकरांना अफूचा कण चाटवून ढिगाशेजारी निजवत. नागपूरहून इन्स्पेक्टर येऊन गेले, त्यांनी यावर बोट ठेवलं, तेव्हा मालकांनी गेटजवळची एक खोली दिली. लेकरांची नावं लिहिता येतात म्हणून मला तिथं ठेवलं. चार मोठ्या माणसांत माझी जीभ उचलत नाही. लेकरांत उचलते.

पाळण्याशी सर्जाची थोरली मुलगी गंगू बसली होती. चार सरून तिला पाचवं लागलं होतं.

"गंगे, बाळ कुठी आहे?" सर्जानं विचारलं.

"निजलं."

"कुठी निजलं?"

"निजलं ना," गंगू म्हणाली आणि चिंधीची बाहुली गुंडाळत राहिली.

सर्जानं तिच्या पाठीत धपाटा घातला. गंगू रडायला लागली. सर्जाचा आवाज ऐकून निवडणीच्या बाया धावत आल्या, त्यांच्या मागं मुकादम. तो गंगूच्या समोर उभा राहिला.

"सांग वं, कुत्र्यानं नेलं का?"

"हाव."

"कुत्र्यानं नेलं, का बाईनं?"

"बाईनं."

गेटच्या आत सावलीला एक सुया-बिबे विकणारी बाई टोपली घेऊन बसली होती. भोंगा झाला की बाया तिच्याकडून सुई, पोत घेत. मुकादमानं तिच्याकडं बोट केलं. "त्या बाईनं?"

"हाव," गंगू म्हणाली.

या वयाचं लेकरू मोठ्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. समोरचा चिडला आहे, काय दिलं म्हणजे तो निवळेल, एवढंच ते बघतं. आदल्याच आठवड्यात मी गंगूला गमतीनं विचारलं होतं, दूध मांजरानं सांडलं का? ती हाव म्हणाली होती. आमच्या खोलीत मांजर येत नव्हतं. हे मला मुकादमाला सांगायचं होतं. पण त्याच्यासमोर तोंडातून शब्द निघेना.

तोवर त्यानं टोपली उचलून उपडी केली. सुया, मणी, बिबे सगळं रुईच्या धुळीत गेलं. ती बाई म्हणत होती, "बाप्पा, मी तं इथून उठलीच नाई." कोणी तिचा पदर धरला. कोणी म्हणालं, बांधून ठेवा, पोलीस येऊ द्या.

तेव्हा काशी पुढं झाली. चौदा वर्षांची पोर, निवडणीच्या ओळीत बसायची.

"मुकादम, तिनं लेकरू नेलं असतं तं ती इथीच काऊन बसून राह्यली असती?"

"तिच्या संगतीची घेऊन गेली असन."

"मंग गेटवरचा शिपाई काय करून राह्यला होता? पयले त्याले बांधा."

एक-दोघी हसल्या. मुकादम म्हणाला, "तू लई वकील होऊ नको," पण पदर धरणारीचा हात सुटला. हीच काशी दोन-तीन वर्षांमागं डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगायची. आता जे घडलं नाही तेही ती मनात मांडून उलटंपालटं करून बघत होती. हे वय असं येतं. घरचे लोक त्याला उद्धटपणा म्हणतात.

मी गंगूला घेऊन खोलीत आले. मला कळलं की विचारून काही हाती लागणार नाही. मी तिची बाहुली दुसऱ्या एका दुपट्यात गुंडाळली आणि तिच्या कडेवर दिली.

"हे बाळ लई रडून राह्यलं. आपल्या बाळाले निजवलं, तसं याले निजव."

गंगूनं डोळे पुसले. बाहुलीला थोपटलं. मग ती उठली आणि मागच्या दारानं अंगणात गेली. मी मागून चालले. ती रिकाम्या गाड्या उभ्या करतात तिथं पोचली, एका जागी थांबली आणि मातीतल्या चाकोरीकडं बघू लागली.

"गाडी गेली," ती म्हणाली. "मामाच्या गाडीत बाळ हाय."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

ती माझ्याकडं नवलानं बघत राहिली. तिला वाटत होतं, तिला जे ठाऊक आहे ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. आईला ठाऊक आहे, मुकादमाला ठाऊक आहे, मग सांगायचं काय? ती दिवाळीत मामाच्या गाडीतून आजोळी गेली होती आणि बाळ वाटभर शांत निजलं होतं. आज पाळण्यात ते निजेना, म्हणून तिनं त्याला उभ्या गाडीत नेऊन निजवलं. दिसेल ती छपराची गाडी तिच्या लेखी मामाची. आई जवळ नाही म्हणून रडायचं, हे बाळाला तर अजून कळणार नव्हतं. सहा महिन्यांचं लेकरू आई नजरेआड झाली की तिला विसरून हातातल्या चिंधीशी खेळतं. आठ-नऊ महिन्यांचं झालं की दाराकडं बघत बसतं.

गाडी कोणाची, हे गंगूला सांगता येईना. तिथं आठ वर्षांची शेवंता सरकीच्या पोत्यावर बसली होती. ती म्हणाली, "एका बैलाचं शिंग मोडलेलं होतं. छपराले निळं फडकं होतं. गाडी उंद्रीच्या वाटेनं गेली."

"तू गंगूला चढताना पाहिलंस?"

"हाव. उतरतानी बी पाह्यलं."

"आणि बोलली नाहीस?"

"मले कोणी इचारलंच नाई."

तिनं सगळं नीट, एकामागून एक पाहिलं होतं. फक्त गंगूचं गाडीत चढणं आणि बाळाचं हरवणं, या दोन गोष्टींची गाठ बांधली नव्हती.

मुकादम मॅनेजरसाहेबांची सायकल घेऊन निघाला. सर्जा त्याच्या मागं पळत गेली. बाकी आम्ही गेटवर उभ्या राहिलो. बऱ्याच वेळानं निळ्या फडक्याची गाडीच परत येताना दिसली. गाडीवाला विहिरीवर बैलांना पाणी दाखवायला थांबला, तेव्हा मागून कुईकुई ऐकू आली म्हणे. सर्जा छपरात बसून बाळाला पाजत होती.

"म्या कापूस घातला, तुमी पैसे बाकी ठेवले," गाडीवाला म्हणाला, "वरून लेकरू दिलं. मालकाले सांगा, माह्या घरी पाच हायेत."

बायांना हसू आवरेना. गाडीवाल्यानं गंगूला विचारलं, "काय वं, म्या चोरलं होतं ना तुहं बाळ?"

"हाव," गंगू म्हणाली.

सगळे हसले. सुयावाली हसली नाही. ती खाली बसून धुळीतून सुया वेचत होती आणि तिच्या हाती फार थोड्या लागल्या होत्या.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. मागच्या दाराला उंचावर कडी बसवली. माझी नोकरी राहिली. मी धीर करून म्हणाले, "साहेब, त्या बाईच्या मालाचं?"

"मुलीनंच तिचं नाव घेतलं ना? मुकादम काय करणार?"

"मुलीनं नाही घेतलं, साहेब. मुकादमानं घेतलं. ती हाव म्हणाली." याच्यापुढं माझी जीभ गेली नाही. काशीची गेली. ती दारातच उभी होती, टोपली कोणी उपडी केली ते तिनं सांगून टाकलं. भरपाई मुकादमाच्या पगारातून, असं साहेबांनी वैतागून सांगितलं.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. शाळेत जायच्या आधीच्या लेकराला मी "हे केलंस का?" असं विचारत नाही. "करून दाखव" म्हणते. मोठ्या माणसांनाही हे लागू पडतं, पण ते दाखवत नाहीत.

मुकादम दर बाजाराला थोडेथोडे पैसे देत राहिला, तोंड फिरवून. होळीच्या आदल्या बाजारात सुयावाली गेटवर आली, त्यानं उरलेले तिच्या हातावर ठेवले. तिनं ते मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाली, "फिटले बाप्पा सारे." मग टोपली उचलून ती आतली सावली सोडून गेटाबाहेर उन्हात जाऊन बसली.