बिनबटणांची पोती

टाचणीमावशीला खरं नाव होतं, पण बाप्तिस्म्याच्या दाखल्यापलीकडे ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. चाळीस वर्षं तिने बायकांचे कपडे शिवले. तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या, आणि त्या काढल्या की जे बाहेर पडायचं तेही टोचायचंच. माप घेताना ती गिऱ्हाइकाच्या कमरेबद्दल असं काही बोलून जायची की बाई दोन दिवस जेवत नसे, आणि तिसऱ्या दिवशी तेच वाक्य स्वतःच हसत हसत शेजारणीला सांगत असे. दुकान बंद करून घरी बसली, तेव्हा चर्चच्या अख्ख्या मंडळीला वाटलं, आता आपली खैर नाही, ही बाई रिकामी झाली.

ती रिकामी राहिली नाही, याला कारण पाळकसाहेबांचा एक उपदेश. देवाने माणसाला जग दिलं ते सांभाळायला, उकिरडा करायला नाही, आणि जो उकिरडा होतो तो नेहमी गरिबाच्याच दारात जाऊन पडतो, असं काहीसं ते त्या दिवशी बोलले. उपासना सुटल्यावर लोकांनी छान बोलले म्हणून त्यांचे हात हलवले. पंचांपैकी एकाने आवारात रोप लावलं, ते महिन्यात वाळलं. ते वाक्य मनावर घेतलं एकट्या टाचणीमावशीने. चर्चला तिथे देऊळच म्हणत; त्या देवळामागे गायकांची जुनी खोली पडून होती. तिने तिची किल्ली मागून घेतली आणि जाहीर केलं की मंडळीच्या घरातला एकही कपडा यापुढे कचऱ्यात जाणार नाही.

आणि गेला नाही. अकरा वर्षं.

तिची पद्धत ठरलेली. कपडे आले की तीन ढीग. पहिला ढीग धडक्या कपड्यांचा. ते घडी घालून, कागदात बांधून, मंडळीतल्याच अडलेल्या घरी गुपचूप पोचते व्हायचे. (गुपचूप म्हणजे काय, कुणाकडे काय गेलं हे फक्त तिला आणि तिच्या नणंदेला ठाऊक, आणि नणंदेला ठाऊक म्हणजे निम्म्या गावाला.) दुसरा ढीग दुरुस्तीचा. तो ती अशी रफू करायची की मूळ मालकाने ओळखू नये. तिसऱ्या ढिगात विटलेले, फाटलेले, बगलेत कुजलेले कपडे. हा ढीग वस्तीसाठी.

पण वस्तीला जाण्याआधी एक काम असे. ती छोटी कात्री घेऊन बसायची आणि तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कपड्याची बटणं, चेन, हूक, सगळं उतरवून घ्यायची. कापड गेलं म्हणून बटणाने का मरावं, हा तिचा हिशेब. काचेच्या बरण्या रंगवार भरल्या होत्या. गायकांच्या झग्यांना बटणं त्यातली, पाळकसाहेबांच्या कोटाला त्यातली. कापायची हातोटीही तिची खास. कापडाला धक्का न लावता दोऱ्याचं एवढंसं टोक वर ठेवून बटण उचलायचं. शिकाऊ मुलींना ती ते कौतुकाने दाखवायची. नणंद म्हणायची, "वहिनी, स्वर्गाच्या दारात देवदूत उभा असेल ना, त्याच्याही झग्याची बटणं कापून घेशील तू." मावशी म्हणायची, घेईन की, त्याला उडायला बटणं कशाला लागतात.

मग पोती भरायची, तोंडं दाभणाने शिवायची, आणि गाडीवाला ती वस्तीत नेऊन टाकायचा. वस्ती बर्फाच्या कारखान्यामागे, उताराच्या अगदी तळाला. मावशी तिथे कधी गेली नव्हती. गुडघे दुखतात, असं सांगायची. दुखतही होते, पण लग्नाच्या जेवणाला जाताना कमी दुखायचे.

त्या वर्षी बातमी पसरली की इतर गावच्या मंडळ्यांचे पंच ही खोली बघायला येणार, आणि जमलं तर आपल्याकडेही असंच सुरू करणार. पाळकसाहेबांनी मावशीला रविवारी उभं राहून दोन शब्द बोलायला सांगितलं. शिवाय सुचवलं की वस्तीतलंही कुणी बोललं तर बरं. मावशीने वरवर आढेवेढे घेतले. आतून ती इतकी फुगली की त्या आठवड्यात तिने कुणालाही टोमणा मारला नाही, आणि लोकांना वाटलं आजारी आहे.

वस्तीतलं कुणी म्हणजे देऊळ झाडणारी. उंच, हडकुळी बाई, दर शनिवारी येऊन फरशी पुसून जायची. अकरा वर्षांत तिच्या तोंडून अकरा वाक्यं ऐकली असतील-नसतील. मावशी तिला "अगं" म्हणायची. तेवढंच. ती फडकं पिळत होती तेव्हा मावशीने तिला विषय सांगितला.

"काय बोलू?" झाडणारीने विचारलं.

"जे खरं आहे तेच बोल. लाजायचं नाही."

झाडणारीने फडकं पिळून झाल्यावरही पुन्हा एकदा पिळलं. "मग आधी घरी या, बाई. बघा, आणि त्यातलं कुठलं बोलू ते सांगा."

मावशीला वाटलं, बिचारी घाबरली. मंगळवारी दुपारी ती काठी टेकत उतार उतरली. पिशवीत चांगलं बिस्किटांचं पाकीट घेतलं होतं.

झाडणारीचं घर नाल्याच्या कडेला, एक खोली. दारात उंबऱ्याऐवजी तीन पोती आडवी रचलेली, ओलावून काळी पडलेली. मावशीने आधी शिवण ओळखली. दाभणाचा तिरका टाका, तिच्या हातचा. पोती उघडलेलीच नव्हती.

"ही फोडली का नाहीस गं?" ती चेष्टेने म्हणाली. चेष्टा अर्ध्यात लटकली.

झाडणारीने तिला आत नेलं. खाट चार-चार विटांवर चढवलेली, खाटेवर तिची सासू भिंतीकडे तोंड करून निजलेली. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पाण्याची रेघ. रेघेखालचा रंग वेगळा होता. झाडणारीने सगळं फरशी पुसावी तसं एका कडेने सांगितलं. पोती येतात. सुरुवातीला उघडायचे, वाटून घ्यायचे. मग कळलं की घालता येत नाही. शर्ट समोरून उघडा, पँटला चेन नाही, कापड हाताला धरलं तर फाटतं. चूल पेटवायला घेतलं तर धूर असा की म्हातारीचा खोकला थांबेना. मग काठावर टाकायला लागले. दुसरीकडे टाकायला जागा कुठली? काठावरचं घसरून नाल्यात जातं. नाला पुढे रस्त्याखालच्या मोठ्या नळातून जातो, तो नळ तुंबला. गेल्या महिन्यात पाणी चढलं ते सहा घरांत शिरलं. त्या दिवशी सासू जमिनीवर निजली होती. तेव्हापासून तिला दम लागतो. न उघडलेली पोती दाराशी रचली, तेवढी उपयोगाला आली.

"वस्तीत म्हणतात, बिनबटणांची पोती आली," ती म्हणाली. "गाडी दिसली की पोरं ओरडतात."

मावशी नळाकडे गेली. नळाच्या तोंडातून कपडे जिभेसारखे बाहेर लोंबत होते, करडे, शेवाळलेले, रंग कुठला ते कळू नये असे. तिने काठीने एक बाही ओढली. शर्ट निघाला. बटणपट्टीवर चार जागी दोऱ्याची एवढी एवढीशी टोकं उभी होती, कापडाला कुठेही धक्का नाही. इतकं सुबक काम त्या गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

कान तापले तिचे. चाळीस वर्षं लोकांची मापं काढणाऱ्या बाईला त्या क्षणी कुठे बघावं कळेना. शेवटी ती रागावली, कारण रागावणं तिला येत होतं. अकरा वर्षं मूग गिळून का बसलात, दर शनिवारी समोर असतेस, एक शब्द सांगता आला नाही?

"गाडीवाल्याला एकदा नको म्हटलं होतं," झाडणारी म्हणाली. "त्याने देवळात कळवलं. मग तुमची सभा झाली. वस्तीला कपडे चालत नाहीत म्हणे, काय करायचं? तुम्ही म्हणालात, ज्यांना कपडा चालत नाही त्यांना गुरुवारचं औषधही चालायचं नाही. सगळे हसले. मी खुर्च्या पुसत होते."

मावशीला ते आठवलं. सभा लांबली होती, लोक जांभया देत होते, आणि तिने ते वाक्य फेकलं होतं. हशा किती मोठा होता तेही आठवलं. खुर्च्या पुसणारी मात्र आठवेना. गुरुवारी मंडळीचा डॉक्टर वस्तीला फुकट औषध देतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण खाटेवरच्या म्हातारीला ते औषध लागतं, ही गोष्ट तेव्हा खोलीत एकाच माणसाला माहीत होती.

बिस्किटांचं पाकीट तिने तसंच परत आणलं. देण्याची हिंमत झाली नाही.

घरी येऊन तिने नणंदेला विचारलं, तुला ठाऊक होतं का? नणंद शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत. "कपडे नाल्यात जातात ते नव्हतं ठाऊक. पण बटणाशिवाय शर्ट घालतं कोण, हे विचारावंसं वाटायचं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला प्रश्न विचारून धड परत आलेला माणूस दाखव, वहिनी."

ती प्रार्थनेला गुडघ्यावर बसली, तर तिथेही भलतंच. क्षमा मागायला सुरुवात केली आणि तिच्या लक्षात आलं, आपण शब्द जुळवतोय, रविवारी बोलायचे असावेत तसे. ती उठली. देवासमोरही आपण हशा शोधतो की काय, या विचाराने तिला जेवण गेलं नाही.

बुधवारी तिने पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चूक आपली सगळ्यांची आहे, आपण ती सुधारूच, पण पाहुणे येताहेत, तेव्हा आधी शांतपणे सुधारू आणि मग सांगू. आणि खरी लाजेची गोष्ट ही की मावशीला हायसं वाटलं. दोन दिवस ती बरी जेवली. शनिवारी झाडणारी आली, तेव्हा मात्र ही कपड्यांच्या खोलीत कपाटाआड जाऊन उभी राहिली, लपाछपी खेळणाऱ्या पोरीसारखी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. बाहेर केरसुणीचा आवाज दारापर्यंत आला, थांबला, आणि पुढे गेला. कपाटाआड उभ्या मावशीला कळलं की तिकडून आपले पाय दिसत असणार.

रविवारी पाहुण्यांना पुढच्या बाकावर बसवलं होतं. पाळकसाहेबांनी मावशीचं कौतुक केलं, थोडं घाईने आणि खाली बघत. ती उभी राहिली.

"तुमचे फाटके कपडे मी वस्तीला पाठवले," ती म्हणाली, "आणि बटणं मात्र कापून ठेवून घेतली."

मंडळी हसली. टाचणीमावशी बोलली म्हणजे हसायचं, ही चाळीस वर्षांची सवय. पाहुणेही हसले. गायकांतल्या एकाने आपल्या झग्याचं बटण हाताने झाकलं, तर आणखी हशा. ती थांबली. लोकांना वाटलं, आता आणखी काही भारी येणार.

"हसू नका," ती म्हणाली. एकजण तरीही हसला.

मग तिने सांगितलं. नळ, सहा घरं, भिंतीवरची रेघ. सभेतलं ते औषधाचं वाक्य तिने जसंच्या तसं पुन्हा म्हटलं, त्याच आवाजात, आणि या वेळी कुणी हसलं नाही. काही जण तेव्हा हसले होते, ते बुटांकडे बघू लागले. एक पाहुणा समजुतीने म्हणाला, हेतू तर चांगला होता ना. मावशी म्हणाली, "हेतू मी बघितला नाही. शर्ट बघितला." आणि बसली. बसल्यावर नणंदेने तिचे हात आपल्या मांडीवर ओढून घेतले.

झाडणारी शेवटच्या बाकाशी उभी होती. तिला पुढे येऊन बोलायला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. बाहेर पडताना मावशी तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "तुम्ही मला..." एवढ्यावरच अडकली. क्षमा करा म्हणायचं होतं, पण ते ऐकून घेणं हेही त्या बाईच्याच अंगावर टाकलेलं काम झालं असतं.

"सोमवारी सकाळी या," झाडणारी म्हणाली. "पाणी खाली असतं."

सोमवारी मावशी, नणंद, पाळकसाहेब आणि आणखी पाच जण गेले. सत्तर घरांच्या मंडळीतून आठ माणसं. झाडणारीने कुणी कुठे उभं राहायचं ते सांगितलं, आणि कपडे ओढायची आकडी मावशीच्या हातात दिली. दुपारपर्यंत नळ मोकळा झाला. काठावर ओल्या, कुजक्या कपड्यांची रास उभी राहिली, वास असा की पाळकसाहेब दोनदा बाजूला जाऊन आले. तेव्हा सगळ्यांना एकदम प्रश्न पडला, आता हे टाकायचं कुठं?

पाच जणांपैकी एकाने उताराच्या पलीकडची मोकळी जागा दाखवली. झाडणारी म्हणाली, तिकडेही माणसं राहतात.

"देवळाच्या आवारात," मावशी म्हणाली.

गाडीवाल्याने पाच खेपा केल्या. रास मुख्य दारासमोर उतरवली, कारण गाडी तिथपर्यंतच जात होती. पुढच्या रविवारी उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाला तिला वळसा घालून जावं लागलं. काहींनी नाकाला रुमाल लावला. पंचांनी पाळकसाहेबांना विचारलं, पाळकसाहेबांनी मावशीला, की हे किती दिवस राहणार. ती म्हणाली, माहीत नाही, कुठल्याही गरिबाच्या दारात न टाकता कुठं टाकायचं ते कळेपर्यंत.

त्यानंतरच्या शनिवारी झाडणारीने आवार झाडलं. राशीच्या कडेपर्यंत झाडत आली आणि तिथे थांबली. मावशी पायरीवर बसून बघत होती. झाडणारीने केरसुणी भिंतीला टेकवली, हात धुतले आणि घरी गेली. मग मावशी गुडघ्यावर हात रेटून उठली आणि केरसुणी उचलून राशीभोवती सुटलेलं काळं पाणी झाडू लागली.