समासातले दोन प्रश्न
निर्गुडीच्या तेलाचा वास आला, की ते बोटांना चोळून अकोल्याच्या दवाखान्यात बसलेली माय आठवते. सांधे कशानं सुजतात, या संशोधनासाठी तिचं रक्त घ्यायचं होतं. आधी तरुण डॉक्टरीणबाईंनी छापील प्रश्न वाचला, “शर्टाची बटणं लावता येतात?” माय भडकली. “जलमात शर्ट नाई घातला मी. कापूस वेचता येते का, भाकर थापता येते का, थे इचार!” “ते फॉर्ममध्ये नाही, मावशी.” बोटं वळत नव्हती, म्हणून मायनं रक्त घ्यायला दंडाला बांधलेलं रबर दातांनी ओढून सोडलं. “मंग लिव. नाई तं रगत देत नाई.” बाईंनी समासात दोन्ही प्रश्न लिहिले, तेव्हाच तिनं हात पुढे केला. आता ते तेल मी लावते. परवा अमरावतीच्या डॉक्टरांनीही बटणांचंच विचारलं. मी म्हटलं, “पेन काढा.”