अकोल्यापासूनचा बर्थ

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आधी मला पाहायला आला होता. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे. अमरावतीच्या कॉलेजात नुकताच लागलेला मास्तर, सायकलवर आला, पोहे खाताना मिशीला खोबरं लागलं, आणि मी आत जाऊन इतकी हसले की आईने चिमटा काढला. बाबांनी नकार कळवला. "नोकरीवाल्याचं काय, आज हाय, उद्या बदली. जमीन कुठं जात नाई," म्हणाले. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, ही म्हण त्यांच्या तोंडात बसलेली. मला वीस एकर काळ्या जमिनीचं घर मिळालं. दोन वर्षांनी तोच मास्तर पुन्हा विचारायला आला तेव्हा त्यांनी धाकटीला देऊन टाकलं. तिच्या लग्नात मी पाटल्या वाजवत मांडवभर फिरले आणि मनातल्या मनात तिची कीव केली.

पुढे काय झालं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कापसाचा भाव पडत गेला, बियाण्याच्या पिशव्या महागत गेल्या, आणि सकाळचा पेपर उघडायची धास्ती वाटू लागली. आमच्यावर तसली पाळी आली नाही. जमीन शाबूत होती, घरात दाणा होता. पण हौसमौज म्हणून काही करायचं आम्ही विसरूनच गेलो होतो. पोरीच्या शाळेसाठी मी अकोल्यात दोन खोल्या घेऊन राहत होते, शिवणाचं मशीन चालवत होते. हे मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावी शेतीवर, आठ-पंधरा दिवसांनी अकोल्यात एक चक्कर. तिकडे अमरावतीला मास्तरांचा पगार नव्या आयोगाने वाढला. ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा मी उठून रेडिओ बंद केला.

अशा दिवसांत, एप्रिलच्या शेवटी, बहीण एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका घेऊन अकोल्याला आली. मुंबईच्या अलीकडे डोंगरात एक भलामोठा पार्क होता. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, लाटा उसळणारा खोटा समुद्र, आणि मुक्कामाला आतच हॉटेल. मे महिन्यात ती तिघं तिथे जाणार होती. ती, मास्तर आणि मुलगा.

"ताई, हे पाह्य. खोलीच्या खिडकीतून पाळणे दिसतेत म्हन्ते," ती फरशीवर पुस्तिका पसरून म्हणाली. "तू सांग, पह्यल्या दिवशी पाळणे करू का पानी?"

लहानपणापासून तिची ही सवय. भातुकली मांडायची तरी माझ्या सल्ल्याने. मी चष्मा लावून पान वाचू लागले. त्या दिवशी आमच्या नळाला पाणी येऊन आठवडा झाला होता आणि ड्रममध्ये तळाला कपभर गढूळ पाणी उरलं होतं. आणि ही मला विचारत होती, पाण्यात पहिल्या दिवशी डुंबू की दुसऱ्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वरून मी शहाण्या बाईसारखी म्हणाले, "पह्यले पाळणे कर. पान्यानं माणूस थकते."

माझी पोर तेव्हा दहा वर्षांची होती. ती पुस्तिकेवर पालथी पडून एकेका घसरगुंडीवरून बोट फिरवत होती, वरपासून खालपर्यंत. खाली आलं की पुन्हा वर.

"पोरीले आमच्यासंगं दे," बहीण म्हणाली. "मी चार बर्थ काढून राहिली."

पोरीचं बोट थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कान मात्र माझ्याकडे होते.

"नाई," मी म्हणाले. "लोकाइच्या जिवावर कायची मजा?"

"लोकाइच्या? मी लोक झाली का तुले?"

मी उठून चहा ठेवायला गेले. खरी गोष्ट अशी होती की पोर तिथून आली असती तर वर्षभर मावशी-मावशी करत राहिली असती. मास्तरकाकांनी हे घेऊन दिलं, मास्तरकाकांनी ते दाखवलं. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. हे त्या आठवड्यात आले तेव्हा मी त्यांनाही विचारलं. ते बूट काढता काढता म्हणाले, "जाऊ दे ना तिले. आपल्याच्यानं त होनार नाई." साधं बोलले, पण मला ते असं लागलं की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

बहिणीने मात्र माझं 'नाही' मनावर घेतलं नाही. तिने चार बर्थ काढले, चौथा अकोल्यापासून, पोरीच्या नावाने. शेजारच्या काकूंच्या फोनवर मला तसं कळवलंही. "गाडी जेवाच्या टायमाले अकोल्यावर येते. तू डबा आनशीनच. मन बदललं त डब्यासंगं पोरीले बी घेऊन येजो."

डबा आणशीलच, हे तिने गृहीत धरलं होतं आणि ते बरोबरच होतं. आमच्याकडे नात्यातल्या कुणाची गाडी आपल्या गावावरून जात असली की स्टेशनवर डबा पोचवायचा. गाडी पाच मिनिटं थांबते, त्यात डबा द्यायचा, ख्यालीखुशाली विचारायची, खिडकीतून मुलांचे गाल ओढायचे. भांडण असलं तरी डबा चुकत नाही. आणि तो डबा परत येताना रिकामा येत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून येतो.

त्यात आणखी एक काम माझ्याच गळ्यात आलं. त्या पार्कात पाण्यात उतरायला सुती कपडे चालत नव्हते, नायलॉनचेच पाहिजेत असा नियम होता. बहिणीला बाजारातले तोकडे कपडे बघूनच लाज वाटली. तिने निळं नायलॉन आणून माझ्यापुढे टाकलं. "तूच शिव, गुडघ्याखालपर्यंत." म्हणजे चैन तिची आणि टिपा माझ्या. मी दात-ओठ खात मशीन चालवलं. कापड चौघांपुरतं होतं. चौथा कपडा मी शिवणार नव्हते, पण पोर रोज खेळून आली की त्या उरलेल्या तुकड्यावर हात फिरवायची. शेवटी शिवला. तिने तो घडी करून उशीखाली ठेवला, म्हणजे तिच्या मते माझा होकार झाला होता.

जायचा दिवस आला. दुपारभर मी दशम्या केल्या, कोरडी आलूची भाजी केली, ठेचा कुटला. पोरीने दप्तर रिकामं करून त्यात दोन फ्रॉक आणि तो निळा कपडा भरला. संध्याकाळी ती वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे बसली. मी वेणी घातली, रिबीन बांधली, आणि मग म्हणाले, "बाई, मावशीचा फोन आला होता. चौथा बर्थ नाई मिळाला."

तिने एकदाच विचारलं, "खाली बसून गेली त?"

"खाली बसू देत नाईत."

ती रडली असती तर कदाचित मी वितळले असते. ती रडली नाही. दप्तर उघडून तिने फ्रॉक पुन्हा खुंटीला लावले. तिला काकूंकडे सोडून मी डबा घेऊन रिक्षात बसले.

गाडी वेळेवर आली. बहीण दारातच उभी होती, गाडी थांबायच्या आधीपासून वाकून पाहत. नवी साडी, केसांत गजरा, चेहरा नुसता फुललेला. मागे बर्थवर मुलगा सरकून बसला होता, माझ्या पोरीसाठी खिडकीची जागा राखून. मास्तरांनी हात जोडले. त्यांची मिशी आता पांढरी होऊ लागली होती आणि त्यांना ती शोभत होती.

"पोरगी कुठं?" तिने माझ्या मागे पाहिलं.

पाठवायची नाही, एवढं बोलले असते तरी भागलं असतं. पण तो फुललेला चेहरा मला बघवत नव्हता. मी म्हणाले, "तिले ऊन लागलं."

हे इथे नीट सांगायला हवं. आम्ही लहान असताना आमचे काका भर दुपारी शेतातून आले, ऊन लागलं म्हणून ओसरीत आडवे झाले आणि दिवेलागणीच्या आत गेले. बहीण तेव्हा सात वर्षांची. ती त्यांच्या तळपायाला कांदा चोळत शेवटपर्यंत बसली होती. मोठेपणीही मे महिन्यात ती पदराच्या गाठीत कांदा ठेवायची. हे सगळं मला माहीत होतं. ताप म्हणता आलं असतं, पोट बिघडलं म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून तेच निघालं.

तिचा चेहरा विझला. "डाक्टर?" तिने विचारलं. "पन्हं देल्लं का? आंग पुसून काढलं?" ती एक पाय खाली टाकून उतरायलाच लागली होती. मास्तरांनी तिचा दंड धरला. गाडी हलली. डबा मी मुलाच्या हातात दिला आणि प्लॅटफॉर्मवर उभी राहिले. ती दूरपर्यंत दारात दिसत होती.

घरी जाताना मला वाईट वाटत होतं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला हलकं वाटत होतं. मी रिक्षावाल्याशी गप्पासुद्धा मारल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी हाक मारली, फोन आहे. मागून पोरांचा कालवा आणि पाण्याचा आवाज ऐकू येत होता. "ताई, कशी हाय पोरगी?" सगळं दुरुस्त करायची ती वेळ होती. बरी हाय, खेळून राहिली, एवढं म्हटलं की संपलं असतं. पण मागचा तो पाण्याचा आवाज! मी म्हणाले, "अजून उतरला नाई ताप. झोपली हाय." काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, कारण पोर त्यांच्याच अंगणात बिल्लस खेळत होती.

तीन दिवसांनी पहाटे आमच्या नळाला पाणी आलं. पाणी आलं की आमच्या गल्लीत सण असतो. मी ड्रम भरले, बादल्या भरल्या, घागरी भरल्या, अंगणातलं सिमेंटचं टाकंही काठोकाठ भरलं. पोर उठून आली आणि मी काही म्हणायच्या आत निळा कपडा घालून टाक्यात उतरली. नाक दाबून बुडी मारायची आणि वर येऊन खिदळायची. प्यायचं पाणी नव्हतं ते, म्हणून मीही काही बोलले नाही.

फाटकाशी रिक्षा थांबली. बहीण एकटीच उतरली, हातात माझा डबा. मास्तर आणि मुलगा त्याच गाडीने पुढे अमरावतीला गेले होते. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, साडी चुरगळलेली. ती धावतच आत आली आणि टाक्यासमोर थांबली.

पोर पाण्यातून वर आली. "मावशी!" ओरडली. "पाह्य, मी बी नायलॉन घातलं!"

बहिणीने तिच्या कपाळाला हात लावला. गळ्याला लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडेल, शिव्या घालेल. तसं झालं असतं तर मीही चार शब्द सुनावले असते, माझ्याकडे वीस वर्षांचे साठवलेले होते.

"तुले ऊन लागलं होतं ना बाई?" तिने पोरीला विचारलं.

"मले कुठं? मले बर्थ नाई भेटला म्हणून मी नाई आली."

"बर्थ होता," बहीण म्हणाली. "मुंबईपर्यंत रिकामा गेला."

पोर पाण्यात तशीच उभी राहिली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि ती माझ्याकडे पाहत होती.

बहीण ओट्यावर बसली. "ताई, मी तिथं कशातच नाई बसली," ती हळू म्हणाली. "हे दोघं फिरले. मी खोलीतच होती. खिडकीतून पाळणे दिसत होते, पन जीव लागत नोता. काका आठवत होते." आणि मला अजून लाज वाटते ते हे, की ती कशात बसली नाही हे ऐकून सगळ्यात आधी मला बरं वाटलं. लाज नंतर आली, बरीच नंतर. तोवर ती डबा पोरीच्या हातात देऊन, चहाही न घेता स्टँडवर निघून गेली होती. डबा चिक्कीने भरलेला होता. पोरीने ती शेजारच्या मुलांना वाटून टाकली, स्वतः खाल्ली नाही.

त्यानंतर बहिणीने संबंध तोडले नाहीत. लग्नाकार्यात भेटायची, बोलायची, माझ्या पाया पडायची. फक्त, गाडी अकोल्यावर येते, डबा आण, असा फोन पुन्हा कधी आला नाही. ती मुंबईला जाऊन आल्याचं मला महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या कुणाकडून कळायचं.

पोर बारावीनंतर शिकायला अमरावतीला गेली. हॉस्टेल नको म्हणाली, मावशीकडे राहते म्हणाली. मी हो म्हटलं, नाही म्हणायचं तोंड कुठे होतं? शिक्षण संपलं आणि तिला मुंबईला नोकरी लागली. ती त्याच गाडीने निघणार होती. मी दुपारपासून दशम्या केल्या, ठेचा कुटला, आलूची भाजी केली. रिक्षा सांगून ठेवली. मग फोन आला.

"आई, स्टेशनवर नको येऊ," ती म्हणाली. "गाडी पाचच मिनिटं थांबते, उगाच धावपळ. अन् डबा मावशीनं देल्ला."