पेन्सिलने लिहिलेली वीस स्थळं

आमच्या स्टेफीसाठी गेल्या वर्षी एकाच वेळी वीस स्थळं चालू होती, आणि त्या विसांपैकी एकालाही त्याची कल्पना नव्हती.

कल्पना मलाही नव्हती. आणि वीसच्या वीस मुलं मीच निवडली होती!

स्टेफी ही माझी मेव्हणी. वय एकतीस, फिजिओथेरपिस्ट, राहायला सिडनीतल्या क्वेकर्स हिलला, मताने स्वतंत्र. मी सायमन, तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ग्लोरियाचा नवरा. राहायला पेंडल हिलला, मताने ग्लोरियाच्या बाजूचा. दोन्ही घरं मूळची वसईची. मी एका वेअरहाउसमध्ये डिस्पॅच बघतो, आणि ह्या प्रकरणाची सुरुवात तिथल्या टी-रूममध्ये झाली.

अमेरिकेत बेसबॉलची जी मोठी लीग आहे, तिच्या खाली छोट्या लीगच्या चार पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांवर शेकडो कोवळी पोरं वर चढायची वाट बघत खेळत असतात. आमच्या डेपोतल्या डॅरेनने एक स्पर्धा काढली. सीझनच्या सुरुवातीला प्रत्येकाने अशी वीस पोरं निवडायची, त्यांचे नंबर लावायचे आणि सीझनभर त्यांच्यावर नजर ठेवायची. ज्याची पोरं जास्त पायऱ्या चढतील तो जिंकला. जो शेवटचा येईल त्याने वर्षभर सगळ्यांचे कॉफीचे मग धुवायचे. मी बेसबॉलची बॅट आयुष्यात हातात धरलेली नाही. पण बसल्या जागी दुसऱ्यांच्या पोरांचे नंबर लावायचे म्हटल्यावर मराठी माणूस मागे कसा राहील!

मी खास दोनशे पानी वही घातली. रकाने पाडले: नाव, उंची, वजन, उजवा की डावखुरा, कितवं वर्ष आणि शेरा. (वयाचा रकाना ठेवला नाही. सगळीच वीस-बावीसची, त्यात लिहायचं काय?) नावं पेनाने आणि नंबर पेन्सिलने, कारण नंबर दर आठवड्याला बदलतात. शिवाय सगळं मराठीत, कारण डॅरेनला दुसऱ्याच्या कागदात डोकावायची वाईट खोड आहे. आता ह्या पोरांतली निम्मी अमेरिकेजवळच्या बेटांवरची, त्यांची आडनावं स्पॅनिश वळणाची. माझ्या हाताला वसईच्या शाळेतली सवय! मी आपला लिहीत गेलो: मच्याडो, परेरा, डायस, कोरिया, आल्मेडा. पान पूर्ण झालं तेव्हा ते आमच्या गावच्या चर्चमधल्या लग्नाच्या रजिस्टरसारखं दिसत होतं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

जूनमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना आम्ही सगळे मम्मी म्हणतो. मम्मींचं माझ्याबद्दलचं मत लग्नानंतरच्या बारा वर्षांत बदललेलं नव्हतं. "सायमन वाईट नाही," एवढं त्या म्हणत आणि तिथेच थांबत. ह्या खेपेला त्या एकच काम घेऊन आल्या होत्या, स्टेफीचं लग्न. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "एवढी वर्षं इथे राहतोस. आपल्यातला एक चांगला मुलगा दिसला नाही तुला?"

"बघतो, मम्मी," मी म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवशी वही किचनच्या टेबलावर विसरून कामाला गेलो.

संध्याकाळी जेवायला बसलो तर ताटात सुरमईची मधली तुकडी! बारा वर्षं मला शेपटीकडची मिळत आली होती. मला वाटलं, बाईंचा हात चुकला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मधलीच. तिसऱ्या दिवशी मम्मी ग्लोरियाला सांगताना ऐकू आल्या, "तोंडाने बोलत नाही गं, पण मनात सगळं असतं त्याच्या." मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघितलं. मनात काही असल्यासारखं दिसलं नाही, पण म्हटलं, मम्मींचा अनुभव मोठा.

शेवटी त्यांनीच विषय काढला. "तुझी वही बघितली मी. रागावू नको. उंची, वजन, स्वभाव... केवढी मेहनत केलीस रे! एवढं कोण करतं हल्ली?"

माझे डोळे भरून आले! ग्लोरिया तर बेसबॉल म्हटलं की कपडे वाळत घालायला जाते. घरात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या छंदाची कदर होती. त्या दिवसापासून सकाळच्या चहाला आमची बैठक सुरू झाली. अमेरिकेत संध्याकाळच्या मॅच चालू असतात तेव्हा इथे सकाळ असते, त्यामुळे बातम्या अगदी ताज्या.

"काय म्हणतो तुझा मच्याडो?" मम्मींनी विचारलं.

"त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पण लवकरच वर बोलावणार त्याला."

मम्मींचा कप हवेतच थांबला. "वर? डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर कशाला, सगळेच म्हणतायत. फार तर सहा महिने."

मम्मींनी क्रूसाची खूण केली आणि त्याच दिवशी मच्याडोसाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना धरली. मला वाटलं, ह्याला म्हणतात खेळावरचं प्रेम!

"आणि हा राफाएल परेरा?" त्यांनी वहीवर बोट ठेवलं. परेरासमोर मी एका मुलाखतीत वाचलेला शेरा लिहिला होता: शांत. आईला रोज फोन करतो. वेग कमी. "एवढा गुणी मुलगा, त्याला सतरावा नंबर?"

"वेग नाही हो त्याच्यात."

"वेग कशाला पाहिजे? वेगवाले बघितलेत मी, दोन-दोनदा लायसन्स गेलंय त्यांचं. घरी काय आहे?"

"केळीची बाग आहे. गाव समुद्राला लागून. वडील मासेमारीही करतात."

"अगं बाई! म्हणजे अगदी आपल्यासारखे! असतो कुठे हल्ली?"

"एका जागी कुठे, मम्मी! आज ह्या गावात, उद्या त्या गावात. अर्धं आयुष्य बसमध्ये."

"सेल्समध्ये असणार," मम्मी स्वतःशीच म्हणाल्या. मी तेव्हा चहात बिस्किट बुडवत होतो आणि ते मोडू नये ह्या काळजीत होतो.

जुलैमध्ये मी परेराला काढून टाकलं. नियमाप्रमाणे एखाद्याला सोडून दुसरा घेता येत होता. त्याच्या नावावर लाल रेघ बघून मम्मी भडकल्या. "आईला रोज फोन करणाऱ्या मुलावर रेघ? देवाचं भय आहे की नाही तुला?"

"तीन महिन्यांत काही प्रगती नाही, मम्मी. असल्यांना धरून बसलो तर माझं काही खरं नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली, सतरा खोडला आणि परेरापुढे ठळक एक लिहिला. मी त्यांचं मन राखायला ते तसंच राहू दिलं. डेपोत मात्र डॅरेनने मी टाकलेला परेरा त्याच दुपारी उचलला. सहा आठवड्यांत पोरगा दोन पायऱ्या चढला! सप्टेंबरमध्ये सीझन संपला तेव्हा डॅरेन पहिला होता आणि मी मग धूत होतो.

दरम्यान मम्मींनी वसईला फोन करून सासऱ्यांना कामाला लावलं होतं. (हे मला फार नंतर कळलं.) नाव राफाएल परेरा, घरी केळीची बाग, मुलगा ऑस्ट्रेलियात, चौकशी करा! आता वसईत केळीची बाग असलेला परेरा शोधायचा म्हणजे पेंडल हिल स्टेशनबाहेर इंडियन दुकान शोधण्यासारखंच आहे, पावलोपावली एक. सासरे चार दिवस स्कूटरवरून फिरले आणि जवळच्या गास गावात त्यांना घर सापडलं. मुलगा राफाएल, ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळ ट्रुगानिनाला! उंची तेवढी त्यांनी विचारली नाही. मुलाच्या आईला पहिल्याच भेटीत उंची कशी विचारणार?

नोव्हेंबरात एका सकाळी मम्मी म्हणाल्या, "परेरा रविवारी जेवायला येतोय."

माझ्या हातातला टोस्ट खाली पडला. "आपला परेरा? सतरावा?"

"पहिला," मम्मींनी दुरुस्ती केली. "विमानाने येतोय. ह्यांनी सगळं जमवलं तिकडून."

तुम्ही म्हणाल, माणूस इतका कसा खुळा! पण अमेरिकेतला सीझन संपला की त्यातली काही पोरं इथल्या नोव्हेंबर-फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात खेळायला खरंच इकडे येतात. आणि वसईत बसून ज्या बाईने स्टेफीच्या घरमालकाची इथल्या फादरकडून चौकशी करवली होती, तिला अशक्य ते काय? ग्लोरियाने मला म्हणे दोनदा सांगितलं होतं की मुलगा स्टेफीला बघायला येतोय. सांगितलंही असेल. त्या आठवड्यात मी नवा बेसबॉल आणि त्यावर सही घ्यायला सोनेरी मार्कर शोधत फिरत होतो. शिवाय डॅरेनलाही बोलावून बसलो होतो.

"यू आर जोकिंग, मेट!" डॅरेन म्हणाला, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी हजर झाला, अंगात बेसबॉलची जर्सी घालून.

घरात पोर्कच्या इंद्यालचा वास दरवळत होता. स्टेफी आली, तिने डॅरेनकडे बघितलं, माझ्या हातातल्या बॉलकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "सायमन, मी इथे फक्त इंद्यालसाठी आलेय, ते सोड. पण मुलगा बघायच्या कार्यक्रमाला ऑफिसातला माणूस कोण बोलावतं?"

"कसला मुलगा?" मी विचारलं, आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात पाच फूट चार इंचांचा एक चष्मेवाला गृहस्थ उभा होता. हातात वाइनची बाटली. "नमस्कार. मी राफाएल परेरा. मूळ गासचा."

मी त्याच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. "आणि तो कुठाय?"

"कोण?"

"उंच!"

"हू'ज दिस ब्लोक?" डॅरेन माझ्या कानात कुजबुजला. पण माझा हात आधीच पुढे गेला होता, त्यात बॉल आणि मार्कर होता. त्या भल्या माणसाला वाटलं असणार, ह्या घरची काही पद्धत असेल. त्याने बाटली खाली ठेवली आणि निमूटपणे बॉलवर सही केली.

"उजव्या हाताने?" मी आणि मम्मी एकदम ओरडलो.

मम्मी धावत जाऊन वही घेऊन आल्या. "डावखुरा लिहिलंय ह्यात! सहा फूट तीन इंच लिहिलंय! सायमन, हा एवढासा कसा झाला?"

"मम्मी, हा परेरा नाही!"

"मी परेराच आहे," तो नम्रपणे म्हणाला.

स्टेफीने वही ओढून घेतली, दोन पानं वाचली आणि भिंतीला टेकून खाली बसली. हसण्याने तिला उभं राहवेना. "मम्मी, हे बेसबॉल प्लेयर्स आहेत. अमेरिकेतले!"

"वीसच्या वीस?" मम्मींनी मला विचारलं.

"हो."

"मच्याडो?"

"तो ठणठणीत आहे, मम्मी. वर म्हणजे वरच्या टीममध्ये."

"नऊ दिवस!" मम्मी म्हणाल्या. "नऊ दिवस मी माझ्या ह्या गुडघ्यांवर बसले, त्याच्या गुडघ्यासाठी!" मग त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं, माझ्या पोरीची काळजी करणारं कुणीतरी इथे आहे."

हे ऐकून मला खरोखर लाज वाटली. पाच महिने मी त्या बाईच्या हातची मधली तुकडी खात होतो, आणि कशाबद्दल मिळतेय हे एकदाही विचारलं नव्हतं. डॅरेनलाही काहीतरी बिघडलंय एवढं कळलं असावं, कारण त्याने डोक्यावरची टोपी काढली.

तेवढ्यात परेराचा फोन वाजला. "सॉरी हं, आईचा आहे. रोज ह्या वेळेला बोलतो आम्ही," तो म्हणाला आणि जरा बाजूला वळला. "हो गं, पोचलो. हो, मिळालं घर. नाही, अजून जेवलो नाही. मंडळी? मंडळी... हौशी आहेत."

मम्मींनी मान वर केली. डोळे पुसले. त्या उठल्या, ताट घेतलं आणि सुरमईची मधली तुकडी त्यात वाढली. ताट त्यांनी परेरासमोर ठेवलं. मला काय आलं ते सांगत नाही.

तो टेबलाकडे जाताना स्टेफीचं हसणं थांबलं. "लंगडतोयस का तू?"

"इनडोअर क्रिकेट. गुडघा जरा..."

"बस. दाखव."

जेवण होईपर्यंत तिने त्याला चार व्यायाम शिकवले होते. पुढे गुडघा बरा झाला तरी त्याच्या सिडनीच्या फेऱ्या काही थांबल्या नाहीत. इस्टरनंतर लग्न आहे. मम्मी म्हणतात, नोव्हेना वाया जात नाही, गुडघा तेवढा बदलला.

डिसेंबरात त्या वसईला परत गेल्या. परवा डेपोत नव्या सीझनची वीस पोरं निवडायची होती, म्हणून मी जुनी वही काढली. शेवटच्या पानावर मम्मींच्या अक्षरात माझेच रकाने पाडलेले होते. वर लिहिलं होतं: जावई. एक नंबरला राफाएल. दोन नंबरला मी. उंची: पाच सहा. वजन: जास्त. कितवं वर्ष: बारावं. शेरा: मन चांगलं. नजर कच्ची. हाती आलेला चांगला मुलगा सोडून देतो. एवढ्यात वर बोलावू नये.

मी तीन वेळा वाचलं. एक शब्द खोडण्यासारखा नाही. नंबर पेन्सिलने लिहिलाय, एवढीच काय ती आशा.