चाचांचा स्पीडवे

ब्रेक नसलेल्या मोटरसायकलीवर जीव टाकणारा माणूस पनवेलमध्ये आजवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. दुबईहून सोन्याची घड्याळं घालून उतरलेली मंडळी या गावानं पाहिली, न्हावा शेव्याचं बंदर झाल्यावर घराएवढे कंटेनरही पाहिले. पण एप्रिलच्या उकाड्यात गळ्यात लोकरीचा लाल-पांढरा मफलर आणि डोक्यावर जाड कापडाची विलायती टोपी घालून कोथिंबीर आणायला निघालेला माणूस पाहायचं भाग्य फक्त आमच्या आळीला लाभलं. त्या मफलरवर सतराअठरा बिल्ले टाचलेले होते. चाचा दाराबाहेर पडले की ते वाजत, आणि माझी बायको वर स्वयंपाकघरात म्हणे, "निघाली स्वारी!" असं म्हणणाऱ्या बाईनंच त्यांच्यासाठी सकाळचं थालीपीठ ताटलीखाली झाकून ठेवलेलं असे, हेही सांगितलं पाहिजे.

चाचा तरुणपणी विलायतेला गेले. तिकडे उत्तरेकडच्या कुठल्याशा गिरणीगावात त्यांनी पंचवीस वर्षं सूत काढलं. पुढे गिरणी बंद पडली, चाची तिथेच वारल्या, मुलगा तिकडचाच होऊन गेला, आणि ऐंशीचं दशक संपता संपता चाचा दोन बॅगा घेऊन पनवेलला परतले. लोक विलायतेहून टेपरेकॉर्डर आणतात, चॉकलेटं आणतात. चाचांनी स्पीडवे आणला. हे प्रकरण काय आहे ते समजायला मला, म्हणजे हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या माणसाला, वर्ष लागलं. तुम्हाला थोडक्यात सांगतो. मातीच्या लांबट गोल मैदानात चार मोटरसायकली चार फेऱ्या मारतात. गाडीला गिअर एकच, ब्रेक मुळातच नाही. वळणं सगळी डावीकडची, आणि ती डाव्या बुटाचा लोखंडी तळ मातीत घासत, गाडी आडवी सरकवत घ्यायची. पहिल्याला तीन गुण, मग दोन, मग एक, आणि चौथ्याला शून्य. बघणाऱ्यांनी हातात छापील पत्रक धरून दर शर्यतीनंतर पेन्सिलीनं आकडे भरायचे. "शून्यवाल्याचा पण आकडा लिहितात, मास्तर," चाचा मला बजावून सांगत. "कोणाची जागा कोरी सोडत नाय."

या खेळाचा चाचांच्या देहावर जो परिणाम झाला होता, तो भल्याभल्या पैलवानांवर तालमीचा होत नाही. चाचा उजवीकडे वळत नसत. मशीद आमच्या घरापासून उजव्या हाताला, शंभर पावलांवर. चाचा डावीकडे निघत, अख्ख्या आळीला वळसा घालत आणि मागच्या बाजूनं मशिदीत पोचत. देवाची प्रदक्षिणा उजवी आणि चाचांची डावी, असं माझी बायको म्हणे. त्यांच्या सायकलचे ब्रेक त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकले होते, आणि थांबायचं झालं की ते डावी चप्पल रस्त्यावर घासत. उरण नाक्यावरचा चांभार त्यांना ओळखून होता. तो न विचारता फक्त डाव्या पायाचा तळ बदलून देई. उजव्या चपला नव्या कोऱ्या राहत आणि चाचांच्या पलंगाखाली ओळीनं पडून असत. "ब्रेक काय कामाचा?" ते विचारत. "ब्रेकवाला माणूस पुढचं बघतच नाय. त्याला वाटतं, थांबू की लागेल तिथे."

एरंडेलाची तर कथाच वेगळी. शर्यतीच्या या गाड्यांच्या इंजिनात म्हणे एरंडेल घालतात आणि ते जळल्यावर जो वास येतो तो अत्तराच्या तोंडात मारेल असा असतो. त्या वासासाठी चाचा दर महिन्याला औषधाच्या दुकानातून एरंडेलाची बाटली आणत आणि संध्याकाळी खिडकीत बसून वातीवर चमचाभर जाळत. दुकानदाराला यातलं काय ठाऊक? दर महिन्याला एक बाटली संपवणाऱ्या म्हाताऱ्याच्या पोटाची त्याला खरीखुरी काळजी वाटू लागली होती. एकदा त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, चाचांना जरा त्रिफळा देऊन बघू का? इतकं जालीम बरं नाही या वयात." मी चाचांना ते सांगितल्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना तसं हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं.

एरवी त्यांचा दिवस लांब असे. मुलगा तिकडून स्पीडवेचं साप्ताहिक पाठवी. वर्तमानपत्राची गुंडाळी, बोटीच्या टपालानं. ती अडीच-तीन महिन्यांनी येई. म्हणजे विलायतेत पानं गळायला लागली की पनवेलमध्ये तिकडचा उन्हाळा सुरू होई. चाचा सगळ्यात आधी वाचकांच्या पत्रांचं पान काढत आणि मला खाली हाक मारत. त्या पानावर स्पीडवेची मरणशय्या मांडलेली असे. कोणी लिही, गाड्या फार वेगवान झाल्यात, कोणी कोणाला मागे टाकत नाही, मजा गेली. कोणी लिही, परदेशी गडी आणून आपल्या पोरांना बाहेर बसवलं. एक म्हणे टीव्हीनं घात केला, दुसरा म्हणे टीव्हीच वाचवील. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत: मैदानाचे मालक जागा विकताहेत, तिथे दुकानं आणि घरं उभी राहताहेत. चाचा प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचत, प्रत्येकाशी भांडत, आणि मग अंक मिटून ठेवत.

असाच एकदा अंक मिटता मिटता त्यांनी मला एका माणसाबद्दल सांगितलं. तिकडे दर शनिवारी चाचा मैदानाच्या दुसऱ्या वळणावर उभे राहत. शेजारी एक गोरा, बसवर ड्रायव्हर होता. तो आपल्या थर्मासमधला चहा चाचांना देई, चाचा त्याला सामोसा देत. चाचांची पेन्सिल मोडली की तो आकडा सांगे आणि त्याची मोडली की चाचा. "बारा वर्षं शेजारी उभे होतो, मास्तर. नाव नाय विचारलं मी त्याचं. त्यानं पण नाय विचारलं."

"का हो?"

"जरूरतच नाय पडली."

रविवारी दुपारी चाचा एसटीनं पळस्प्याला जात. तिथे गोव्याचा रस्ता मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो, आणि गोव्याकडून आलेली गाडी पनवेलकडे वळते ती डावीकडे. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत चाचा वही-पेन्सिल घेऊन बसत आणि वळणाऱ्या ट्रकना गुण देत. ब्रेक दाबत वळला त्याला शून्य. मासळीचा टेम्पो गाडी तिरपी घालत भर्रकन गेला की तीन. आता ते दिवस कसले, तर मुंबई-पुण्याच्या नव्या वेगवान रस्त्याच्या बोलवांचे. तो कुठून जाणार, कोणाची जमीन घेणार, हेच जिकडेतिकडे चाललेलं. अशात पळस्पे फाट्यावर एक विलायती टोपीवाला दर रविवारी गाड्या मोजून वहीत लिहितो आणि बोलताना 'स्पीडवे, स्पीडवे' म्हणतो. महिन्याभरात पंचक्रोशीत झालं, की नव्या रस्त्याची आतली बातमी चाचांकडे आहे.

मग आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात रोज सकाळी चाचांभोवती माणसं जमू लागली. जमिनीचे एजंट येत, दुकानदार येत. पळस्प्याजवळच्या गावचा एक शेतकरी तर दोन बसगाड्या बदलून येई. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हाडकुळा, हातात वालाच्या शेंगांची पिशवी.

"चाचा, त्या स्पीडवेचा काय व्हनार?" तो विचारी. "आमी आयकलाय, तुमाला सगला म्हाईत हाय."

"हालत खराब हाय," चाचा बशीत चहा ओतत म्हणत. "जागेवाले जागा विकून मोकळे होतात."

"मंग आमी काय करावा?"

"ज्याची जागा, त्याची मर्जी. पण माझं ऐका, एकदा गेली की दुनिया उलटीपालटी केली तरी परत मिळत नाय."

शेतकरी मान हलवी आणि शेंगांची पिशवी चाचांच्या पायाशी ठेवी. चाचा तासतासभर बोलत. माती कशी हवी, वळणाला उतार किती हवा, लोक का पाठ फिरवतात. ऐकणारे प्रत्येक वाक्य रस्त्याला लावून बघत आणि गंमत म्हणजे ते लागतही असे.

आता माझा गुन्हा. शिक्षकाला चूक दिसली की त्याच्या हातात लाल पेन आपोआप येतं. एका सकाळी एजंटांचा चाचांच्या एका वाक्यावरून मोठा वाद जुंपला होता. मला हसू आवरेना आणि मी सगळ्यांसमोर शहाणपणा पाजळला. "अहो, काय वेडे की काय तुम्ही? चाचांचा स्पीडवे म्हणजे रस्ता नव्हे! ती मोटरसायकलींची शर्यत. बिनब्रेकच्या. तीही इंग्लंडात!" आणि मग जे हसू उसळलं! कोणी टेबलं बडवली, कोणी चाचांच्या मफलरला हात लावून सलाम केला. तो शेतकरी तेवढा हसला नाही. "बिगर ब्रेकच्या?" तो विचारत होता. "मंग त्या थांबतान कशा?" त्या गदारोळात त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. चाचा उठले, टोपी नीट केली आणि दारातून डावीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या टेबलावर कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं चाचांनी हॉटेलात जाणं सोडलं. मला वाटत होतं, मी त्यांना गैरसमजातून सोडवलं. म्हणून मी खाली जाऊन म्हणालो, "चाचा, वाईट वाटून घेऊ नका. ती माणसं तुम्हाला रस्त्याचं विचारत होती, तुम्हाला ते कळत नव्हतं."

चाचा खिडकीत बसले होते. वात पेटवलेली नव्हती. "मास्तर," ते म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून मालूम होतं."

मी उंबऱ्यावरच टेकलो.

"पण विचारत होते ना! 'चाचा, स्पीडवेचं काय होणार?' सकाळी उठून कोणी एवढं विचारलं, की माझा दिवस जायचा. रस्त्याचं विचारतात तर विचारू दे. जबाब तर मी माझाच देत होतो."

आयुष्यात मी मुलांच्या हजारो चुका दुरुस्त केल्या असतील. त्यातली ही एक मला परत चुकीची करून देता आली असती, तर मी काय वाटेल ते केलं असतं. मला लाज वाटली, आणि आजही वाटते.

त्यानंतर मी रोज शाळेला जाताना त्यांच्या दारात थांबून विचारू लागलो, "काय चाचा, स्पीडवेचं काय म्हणतंय?" ते हसून उत्तर देत, पण माझं विचारणं मलमपट्टीचं आहे हे दोघांनाही कळत असे. रविवारी मी त्यांच्याबरोबर पळस्प्याला जाऊ लागलो. माझी स्वतःची वही केली. एकदा मी त्यांना त्या शेतकऱ्याचाच प्रश्न विचारला, की या गाड्या अखेर थांबतात कशा? "थांबवायच्या नसतात," चाचा म्हणाले. "हात ढिला सोडायचा. गाडी आपोआप हळू होते. शर्यत संपल्यावर ते आणखी एक फेरी मारतात, लोकांना हात करत. त्या फेरीत थांबते."

त्या पावसाळ्यात चाचांनी साप्ताहिकाला पत्र लिहिलं. इंग्रजी मी तपासलं. या वेळी लाल पेन न घेता. तिकीट, टीव्ही, परदेशी गडी, कशाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांचं म्हणणं इतकंच, की एकटा माणूस मैदानावर आला तर त्याला कोणाच्या तरी शेजारी उभं करा; तो पुढच्या शनिवारी परत येईल. पत्र गेलं, आणि आम्ही महिन्यांमागून महिने वाट पाहिली. मग एक दिवस गुंडाळी आली. दुसऱ्या पानावर चाचांचं पत्र होतं, खाली 'पनवेल, इंडिया'. चाचांनी सगळ्या आळीला पेढे वाटले. औषधवाल्याला दोन दिले. त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर चार ओळींची बातमी होती. चाचांच्या त्या गिरणीगावचं मैदान विकलं गेलं, शेवटची शर्यत झाली. अंक तीन महिन्यांचा जुना. म्हणजे आम्ही दोघं वळणाच्या उतारावर वाद घालत बसलो होतो तेव्हा तिथे मैदानच उरलं नव्हतं. चाचांनी ती बातमी वाचली, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "पेढा खा, मास्तर."

पुढच्या हिवाळ्यात चाचा गेले. दुपारी खिडकीत बसल्या बसल्या. मुलगा पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. त्यानं मफलर नेला. पलंगाखालच्या उजव्या चपला पाहून तो जमिनीवर बसला आणि एकेक चप्पल हातात घेऊन पाहू लागला.

नंतर नव्या रस्त्याचं काम निघालं. मी अजूनही एखाद्या रविवारी पळस्प्याला जात असे, वही घेऊन. का, ते विचारू नका. एकदा टपरीत कोणीतरी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. डोक्याला टॉवेल, हाडकुळा. त्यानं माझी वही पाहिली, टोपीवाला कुठे दिसतो का म्हणून आजूबाजूला पाहिलं, आणि काय ते समजला.

"जमीन गेली रस्त्यान," तो म्हणाला. "आता दिसभर काय करावा, सुचत नाय." मग म्हणाला, "मास्तर, एक विचारू? त्या बिगर ब्रेकच्या गाड्या थांबतान कशा? त्या दिशी कोनी सांगलाच नाय."

मी सरकून त्याला बाकावर जागा केली, आणि चाचांनी सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. हात ढिला सोडायचं, आणि त्या शेवटच्या फेरीचंही. अंधार पडेपर्यंत आम्ही ट्रकना गुण दिले. त्याचा हात सढळ होता, कोणालाच शून्य देईना.

घरी येऊन जिना चढताना माझ्या लक्षात आलं, की मी त्याचं नाव विचारलंच नाही.