प्रदर्शनातला एक घोट

हे मी सांगते आहे आणि माझ्या भाचीचा मुलगा लिहून घेतो आहे. तो शाळेत मास्तर आहे, त्यामुळे माझी बोली धुऊनपुसून कागदावर ठेवतो. मला ते आवडत नाही, पण मला लिहिता येत नाही, म्हणून चालवून घेते. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. माझ्या थोरल्या दिराला या लिखाणात 'ते' म्हणायचं नाही, 'तो' म्हणायचं. तो जिवंत होता तोवर मान देऊन देऊन माझी मान दुखली. आता तो नाही, आणि मला कोणाची भीडही उरलेली नाही.

आमची मोहाच्या दारूची भट्टी होती, अचलपूरहून अमरावतीला येणाऱ्या सडकेवर. परमुलखात कुठे तरी लढाई लागली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सडकेवरून कापसाच्या गाड्या जात. ज्यांना मी फाटक्या धोतरात पाहिलं होतं ते जरीचे फेटे बांधून गाडीवर बसत आणि आमच्या दारात थांबून "लवकर दे वं बाई" म्हणून ओरडत. मला त्या माणसांचा राग यायचा. पैसा आला तशी त्यांची जीभ मेली होती. काय पितो आहोत याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कडक लागली की झालं.

आणि माझी दारू नुसती कडक नव्हती.

भट्टी मला सासूने शिकवली. चिखलदऱ्याच्या डोंगरातून मोहाची वाळलेली फुलं यायची. ती निवडून, भिजवून, कुजू द्यायची. मग तो सडवा हंड्यात घालून खाली जाळ करायचा, सांध्यांना मातीचं लिंपण करायचं आणि नळीतून येणारी धार मडक्यात धरायची. हे कोणीही करू शकतो. जाळ कधी ओढायचा, म्हणजे हंड्याखालची जळती लाकडं कधी बाहेर काढायची, ते सगळ्यांना कळत नाही. जरा उशीर झाला की धारेत पाणी आणि धूर उतरतो. दुसरे भट्टीवाले चाखून पाहतात. आमच्या घरची रीत वेगळी होती. भट्टीवर बसणाऱ्याने थेंबही जिभेला लावायचा नाही. ज्याला चव लागली त्याचा हात बिघडतो, असं सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. म्हणून सासूने मला कानाने शिकवलं. धार मडक्यात पडते तिचा आवाज बदलतो. सुरुवातीला बारीक, घाईचा. मग भरदार. आणि पाणी येणार असलं की आधी थोडा वेळ तो आवाज जड होतो. त्या क्षणी जाळ ओढायचा. मग चार थेंब तळहातावर चोळून सुकल्यावर हुंगायचे. पंधरा वर्षं मी दारू गाळली आणि तिची चव कशी असते ते मला ठाऊक नव्हतं.

नवरा तापाने गेला तेव्हा मला मूलबाळ नव्हतं. विधवा, निपुत्रिक, सासरी. अशा बाईला घरात कसं वागवतात ते मी सांगायला नको. पण सासू मरताना भट्टी माझ्या हातात होती, आणि माझ्याशिवाय ती कोणाला येत नव्हती. म्हणून माझ्या ताटात भाकरी वेळेवर पडायची. जाऊ तोंड वाकडं करायची, पण वाढायची. भट्टी गेली असती तर मी त्या घरात नुसतं खाणारं तोंड झाले असते. एवढं साधं होतं ते.

दीर काय करायचा? दारात बसून गाड्यावाल्यांशी बोलायचा. आणि घरची रीत सगळ्यांना ऐकवायचा. "आमी कधी शिवलो नाही दारूले, बाप्पा," असं छाती फुगवून सांगायचा. जसं काही न पिणं हीच त्याची कारागिरी होती.

सडकेवर गाड्या वाढल्या तशा भट्ट्याही वाढल्या. कोणीही उठून हंडा मांडायचा. काही जण दारूत धोतऱ्याचं बी घालत. गाडीवाले ती पिऊन बेशुद्ध पडत, बैल भलतीकडे जात, कापूस पावसात भिजे. व्यापारी इंग्रज साहेबाकडे रडत गेले. साहेबाने हुकूम काढला आणि कोतवाल तो गावोगाव ओरडत फिरला. अमरावतीला कापसाचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात बैल, गूळ, तूप यांच्यासोबत मुलखातल्या दारूचीही पारख होणार होती. ज्यांची दारू चांगली ठरेल त्यांना सरकारी शिक्क्याचा कागद आणि दारावर लावायला पाटी, सगळ्यांत चांगलीला चांदीचा बिल्ला. ज्यांना कागद नाही त्यांची भट्टी बंद.

दीर घरी आला आणि म्हणाला, "आपली तं पयली निघूनच राहिली. आपल्या घरची रीत साऱ्या मुलखाले ठाव हाय."

मला हसू आलं नाही. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती, त्यामुळे मी चुलीकडे तोंड करून म्हणाले, "दारू हातानं निघते. रीतीनं नाही निघत." त्याने ऐकलं, पण चुलीशी बोललेल्याला उत्तर द्यायची त्याच्यावर पाळी नव्हती.

त्या खेपेची फुलं मी एकेक करून निवडली. लिंपणाची माती दोनदा चाळली. धारेचा आवाज जड झाला त्याच क्षणी जाळ ओढला. मडक्याचं तोंड बांधलं आणि चुलीला सांगितलं की उन्हात मडकं तापू नये म्हणून वाटेने ओलं पोतं बदलत राहावं लागेल, आणि ते मीच करणार. मला सोबत न्यायचं दिराच्या जिवावर आलं होतं, पण ओलं पोतं बदलायचं म्हणजे हात हलवायचे, आणि ते त्याला नको होतं. म्हणून मी गाडीत बसले.

अमरावतीला मैदानात मांडव घातला होता. एकीकडे कापसाचे ढीग, त्यांच्याभोवती व्यापाऱ्यांची झुंबड. दारूवाले टोकाला, बैलांच्या पलीकडे. मी गाडीच्या आडोशाला डोक्यावरून पदर ओढून उभी राहिले. भट्टीवाले ओळीने आपापलं मडकं घेऊन बसले होते. दिराच्या शेजारी अचलपूरचा एक म्हातारा भट्टीवाला होता, मोठ्या नावाचा. त्याच्या दारूसाठी लोक वाट वाकडी करून जात.

साहेब आला, सोबत तहसीलदार. तहसीलदार पुण्याकडचा होता, नाकात बोलायचा. त्याने सांगितलं की धोतऱ्याच्या बातम्या साहेबाच्या कानावर आहेत, त्यामुळे साहेब कोणाची दारू तोंडाला लावण्याआधी ती गाळणाऱ्याने स्वतः एक वाटी प्यायची. सगळ्यांसमोर.

लोक हसले. वाट्या भरल्या. एकेक जण पिऊन मिशा पुसत होता. अचलपूरचा म्हातारा तर दुसरी वाटी मागत होता. मग दिराची पाळी आली.

तो हात जोडून उभा राहिला. "मालक, आमच्या घरात कोनी पेत नाही. आमची रीत हाय."

तहसीलदाराने साहेबाला सांगितलं. साहेब काही तरी बोलला. तहसीलदार म्हणाला, "साहेब विचारतात, स्वतःच्या मडक्याला हा माणूस एवढा का घाबरतो?"

"घाबरत नाही जी. रीत."

"मडकं बाजूला काढा," तहसीलदार म्हणाला.

शिपायाने मडक्याला हात घातला. मी दिराकडे पाहत होते. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. त्याला बरं वाटत होतं. एवढ्या लोकांसमोर आपलं न पिणं सिद्ध झालं, या समाधानात तो उभा होता, आणि माझी भट्टी शिपायाच्या हातातून चालली होती. असा राग मला आयुष्यात त्याआधी कधी आला नव्हता. नंतरही नाही.

मी गाडीमागून निघाले आणि थेट दिराच्या पुढे जाऊन उभी राहिले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या समोर आले होते. तहसीलदाराला म्हणाले, "गाळणारी मी हाय. त्यायनं कायले प्यावं? वाटी मले द्या."

बैलवालेही वळून पाहायला लागले. कोणी तरी शीळ घातली. विधवा बाई, पांढऱ्या कपाळाची, भर बाजारात दारूची वाटी हातात. मी पदर मागे सारला, कारण पदराआडून प्यायले असते तर सांडली म्हणायला मोकळे झाले असते. मी घोट घेतला. पूर्ण वाटी रिकामी केली आणि उलटी धरून दाखवली.

मग साहेबाने चाखली. तहसीलदाराने नाही, तो ब्राह्मण होता. त्याने नुसता वास घेतला आणि वाटी जरा जास्त वेळ नाकाशी धरली. साहेबाने ती अचलपूरच्या म्हाताऱ्यालाही द्यायला सांगितली. त्याने घेतली, आणि तिथून पुढे त्याचं हसणं बंद झालं. बिल्ला आमच्या मडक्याला मिळाला. नाव विचारलं तेव्हा दीर पुढे झाला आणि त्याने स्वतःचं सांगितलं.

परतीच्या वाटेवर तो बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसत राहिला. गावात पोचल्यावर मात्र त्याची जीभ सुटली. आठ दिवसांत जातीची पंचायत बसली, आणि ती बसवली त्यानेच. बिल्ला सदऱ्याला लावूनच आला होता. पंचांना म्हणाला, "घरची रीत मोडली तिनं. चार मुलखातले लोक पाहून राहिले होते. मी कोनत्या तोंडानं फिरू?" पंचांनी मान हलवली. पंगतीत मला बसायची बंदी झाली, आणि ज्या बाईने दारू चाखली तिचा हात भट्टीला लागू नये असं ठरलं. मी विचारलं, "मंग बिल्ला कोनाच्या घोटाचा हाय?" पंचांनी पुढचा तंटा बोलावला.

मला गोठ्याशेजारी बसवलं, सरकी काढायला. दिवसभर कापूस आणि सरकी. भाकरी दुरून सरकवायचे.

आणि भट्टी? भट्टीची भरभराट झाली. दारावर पाटी लागली. अकोल्याहून लोक यायला लागले, व्यापाऱ्यांचे मुनीम बाटल्या भरून नेऊ लागले. दिराने हाताखाली एक गडी ठेवला आणि स्वतः दारू गाळायला लागला. गोठ्यातून मला धारेचा आवाज ऐकू यायचा. तो जड व्हायचा आणि तरी जाळ चालूच असायचा. माझं अंग तिथल्या तिथे आकसायचं. धूर उतरलेली दारू लोक पीत होते आणि वर सांगत होते की हीच तर बिल्ल्याची चव. वर्षभर त्यांनी धूर गोड मानून घेतला. नावाला एवढं वजन असतं ते मला तेव्हा कळलं.

मग हळूहळू गाड्या थांबायच्या कमी झाल्या. पुढचं प्रदर्शन अकोल्याला भरणार होतं आणि सगळ्यांचे कागद तिथे पुन्हा तपासणार होते. त्याआधी एका दुपारी दीर गोठ्यात आला. चूल नव्हती, भिंत नव्हती, मध्ये जाऊ नव्हती. समोर उभा राहून म्हणाला, "जाळ कवा ओढायचा, तेवढं सांग."

मला माहीत होतं. मी तिथे बसून, सरकी काढता काढता, नुसती हाक मारून त्याला सांगू शकले असते. आता ओढा, एवढंच. भट्टी वाचली असती.

"पिऊन पाहा," मी म्हणाले. "समजते."

 तो आला तसा गेला. प्यायला नाही. अकोल्याला त्याने आपल्या जागी गड्याला प्यायला लावलं, साहेबाने एक घोट घेऊन थुंकला, आणि कागद परत घेतला. पाटी उतरली. थोड्या दिवसांत शिपाई येऊन आमचा तांब्याचा हंडा उचलून घेऊन गेले. सासूच्या हातचा, तिच्याही सासूच्या हातचा. तो सडकेवरून जाताना मी गोठ्याच्या दारात उभी राहून रडले. दिराला वाटलं मी त्याच्यासाठी रडते आहे.

मी सांगायला हवं होतं का, असं हा मास्तर मला आत्ता विचारतो आहे. हंड्यासाठी, हो. त्या घरासाठी, नाही. मी त्या बाजारात जी वाटी प्याले ती माझी पहिली आणि शेवटची. ती दारू चांगली होती. अगदी चांगली होती, आणि ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.