दाजींचं रिव्हॉल्व्हर आणि जावईबापूंचा हट्ट

अख्ख्या जालना जिल्ह्यात घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणारे असतील तितके असोत, पण रिव्हॉल्व्हरच्या तब्येतीची काळजी करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार भोकरदनच्या अलीकडचे, धंदा शेतीचा, स्वभाव नकाराचा. पण त्यांचं 'न्हाई' नुसतं आडमुठं नसतं. जगातल्या प्रत्येक वस्तूला बनवताना एक जोर ठरवून दिलेला असतो आणि त्याच्या वर तिला ताणणं म्हणजे पाप, असं त्यांचं पक्कं मत आहे. त्यापुढे पाहुणेरावळे, मानपान, सगळं झूट.

अक्काच्या लग्नातला कुकर अजून चालू आहे आणि तो दुसऱ्या शिट्टीला खाली उतरतो. तिसरी शिट्टी त्या घरात कुणी ऐकलेली नाही. "तिसरी त्याच्या नशिबात न्हाई, म्हातारा झाला तो," असं दाजी कुकरबद्दल बोलतात. त्यामुळे अक्काकडचा भात बारा महिने कडक. त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचं म्हणजे चढ आला की उतरून चालायचं. मी जुन्या जालन्यातला कापडवाला, देहाने जरा भरलेला, मला तर ते सपाट रस्त्यावरही उतरवतात. एकदा शाळेच्या कार्यक्रमात म्हाताऱ्या गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा भला जाड हार पडला. दाजी भर सभेत स्टेजवर चढले, हार काढला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवला. "गुर्जी जुने हायत, हार नवा हाय," एवढंच माइकवर बोलून खाली आले. टाळ्या दाजींनाच जास्त पडल्या.

रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडिलांचं. निजामी अमदानीच्या शेवटच्या धामधुमीत गावाच्या राखणीला म्हणून घेतलेलं. माणसावर ते कधी चाललं नाही. रानडुकरं पांगवायला दोन-चार वेळा आभाळाकडे बार निघाला असेल, तेवढाच. वडिलांमागे दाजींनी परवाना आपल्या नावावर करून घेतला आणि त्या दिवसापासून त्याची सेवा सुरू केली. शिलाई मशीनचं तेल, जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि काडतुसं बसतात त्या गोल चक्रीचं एकेक घर अंगठ्याने दाबून तपासायचं. निवडणुका आल्या की सगळ्यांना आपापली हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. बाकीचे लोक जमा करतात आणि विसरतात. आमचे दाजी पोरगी सासरी दिल्यासारखे मधूनमधून बघायला जातात. "वरती काही जड ठेवू नका हां साहेब," असं हवालदाराला बजावून येतात. हवालदारही त्यांना आता चहा पाजतो.

संभाजीनगरच्या एका जुन्या कारागिराने त्यांना सांगून ठेवलेलं होतं की ह्याला त्या काळची मऊ काडतुसंच घालायची, नव्या जोरदार काडतुसांच्या वाटेला जायचं नाही. दाजींनी हे वाक्य देव्हाऱ्यात ठेवलं. "जुनी बारूद गोळीला ढकलती, नवी ठोसा मारती," ते समजावून सांगायचे. "ठोसा सोसायचं लोखंड तवा व्हतं कुठं?" ऐकणाऱ्याने विचारलेलं असो की नसो.

आता मागच्या अधिक महिन्याची गोष्ट. मनीषाचं, म्हणजे दाजींच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न होऊन वर्ष झालेलं. जावईबापू जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यांना भंगार पुरवतात. माणूस वाईट नाही, पण नवा पैसा, नवी गाडी आणि कमरेला नवंकोरं रिव्हॉल्व्हर. पहिल्याच अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण. अक्काने पुरणाचे धोंडे केलेले, अनारशांचं ताट, चांदीचं निरंजन, भारी कपडे, काही कमी ठेवलेलं नव्हतं. मी पण सहकुटुंब हजर. आणि दोन घास जात नाहीत तोच जावईबापूंनी खिशातून आपल्या काडतुसांचं पाकीट काढून ताटाशेजारी ठेवलं.

"मामा, आज्यांच्या रिव्हॉल्व्हरातून एकच बार काढतो. व्हिडिओ करायचाय."

"न्हाई."

अक्काच्या हातातली तुपाची वाटी वरच्या वरच राहिली. धोंड्याच्या ताटावर जावयाला 'न्हाई' म्हणणारा सासरा आमच्या सात पिढ्यांत झाला नसेल.

"अहो, माप एकच आहे. बराबर बसतंय. दाखवू का बसवून?"

"बसतंय म्हणून चालतंय असं न्हाई, जावईबापू. तुमचं काडतूस नव्या हत्याराचं हाय. हे फुटंल."

"काय मामा! दुकानदार म्हटला, बिलकुल काही होत नाही."

"दुकानदाराचा हात न्हाई ना त्याच्यावर."

जावईबापू ताटावरून उठले. अर्धा धोंडा तसाच. बाहेर जाऊन गाडीचा दरवाजा उघडला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मनीषा, चल. तुझ्या वडिलांना जावयापेक्षा लोखंड प्यारं आहे!" पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. अक्काने मला बाजूला ओढलं. "अरे, तू तरी सांग ह्यांना. पोरीला त्याच घरात जल्मभर नांदायचंय. ही गोष्ट तिची सासू मरेपर्यंत काढीन." मी दाजींजवळ गेलो खरा, पण त्यांचं तोंड बघून तसाच माघारी फिरलो. ते 'लोखंड' त्यांना फार लागलेलं होतं.

ते शांतपणे उठले, हात धुतला आणि कपाटातून रिव्हॉल्व्हर काढलं. "थांबा, जावईबापू. बार उडवायचाच हाय ना? उडवू. पर हातात कुणी धरायचं न्हाई. माझ्या पद्धतीनं व्हईल."

मग काय थाट! सगळी वरात मळ्यात. विहीर खोदताना निघालेल्या मुरमाचा उंच ढीग आहे, त्याच्याकडे तोंड करून दाजींनी रिव्हॉल्व्हर बाभळीच्या बुंध्याला आवळून बांधलं. त्याच्या दोन्ही बाजूंना मातीने भरलेली पोती रचली. जावईबापूंची काडतुसं स्वतःच्या हाताने चक्रीत भरली. चापाला बैलांचे कासरे एकाला एक जोडून बांधले आणि आम्हा सगळ्यांना लांब बांधाआड निजवलं. पैठणी नेसलेली अक्का, नवं धोतर नेसलेला मी, आणि मोबाइल वर धरलेले जावईबापू. दाजींनी कासरा ओढला.

धाड! बाभळीवरचे सगळे बगळे उडाले. रिव्हॉल्व्हर जसंच्या तसं.

"बघा मामा, काय झालं?" जावईबापू हसत उठले. "आता द्या हातात."

"खाली बसा. अजून."

दुसरा बार. परत काही नाही. आता अक्काही करवादली, "झालं ना समाधान? का पोराचा जीव खाऊन राह्यले?" मी म्हटलं, "दाजी, सोडा आता. माणसाचं चुकतं कधीकधी." त्या मळ्यात त्या घडीला दाजींच्या बाजूने बगळासुद्धा राहिलेला नव्हता. जावईबापू तर बांधावर चढलेच. दाजींनी मागून त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. जावयाच्या अंगाला हात! "माझं चुकलं तर माझ्या तोंडाला काळं फासा," ते म्हणाले. "पर ते हातात न्हाई घ्यायचं म्हंजी न्हाई." आणि एका हातात सदरा धरूनच दुसऱ्याने कासरा ओढला.

हा आवाजच वेगळा होता. परात फरशीवर आपटावी तसा. धूर विरला तेव्हा चक्री उकललेली, वरची पट्टी वाकलेली, आणि मुठीशेजारचं पोतं फाटून त्यातली माती भळाभळा खाली येत होती. मुठीशेजारचं, म्हणजे हात असतो तिथलं. जावईबापूंनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मोबाइल कधी गळून पडला ते त्यांना कळलंच नव्हतं.

दाजींनी कुणालाच जवळ जाऊ दिलं नाही. बऱ्याच वेळाने एकटे गेले, एकेक तुकडा वेचला आणि धोतराच्या सोग्यात घेतला. "बाबांचं व्हतं," एवढंच पुटपुटले. सगळा जन्म ज्याला जपलं, ते ह्या माणसाने आपल्या हाताने बाभळीला बांधलं होतं. मग माघारी वळून म्हणाले, "चला जावईबापू, अर्ध्या ताटावरून उठलात. धोंडे थंड होऊन राह्यले." जावईबापू येऊन बसले आणि तो अर्धा धोंडा संपवला.

तुकडे दाजींनी दुसऱ्या दिवशी अर्जासकट ठाण्यात जमा केले. हवालदाराने विचारलं, "कुणी उडवलं?" दाजी म्हणाले, "मी. पर लांबून." त्या दिवशी हवालदाराने पुढे केलेला चहा दाजींनी तसाच ठेवला, असं मला नंतर कळलं.

दसऱ्याला मी दाजींकडे गेलो होतो. शस्त्रांच्या पूजेत विळा, कुऱ्हाड, आणि मधोमध रिव्हॉल्व्हरचं रिकामं कातडी पाकीट, तेल लावून मऊ केलेलं. संध्याकाळी जावईबापू आले. कमर रिकामी होती. वाकून नमस्कार केला आणि आपट्याचं पान पुढे केलं, "मामा, सोनं घ्या."

दाजींनी पान घेतलंच नाही. त्यांनी जावयाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उताणा केला आणि त्याची बोटं अंगठ्याने एकेक करून दाबून बघितली, चक्रीची घरं तपासायचे ना, अगदी तशीच. पान खाली पडलं, ते कुणी उचललं नाही. जावईबापूंनी हात तसाच राहू दिला.

"जेवूनच जा," दाजी शेवटी म्हणाले. "दोन शिट्ट्यांचा भात हाय. जरा कडक लागंल."